वाचक विचारतात : अरण्यातले शिकारी पक्षी आणि त्यांच्या जनुकांची ये-जा

मागील अंकात आम्ही अमेरिकेच्या युटा राज्यातील गोशॉक या अरण्यवासी शिकारी पक्ष्याच्या जनुकीय अभ्यासाची थोडक्यात ओळख करून दिली होती. गोशॉक म्हणजे आपल्या शिक्र्याच्याच गोत्रातला, पण अंगाने बराच थोराड पक्षी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निरनिराळ्या राष्ट्रीय वनांत घरटी करणाऱ्या गोशॉकचे डीएनए तपासले गेले. मधल्या ओसाड पट्ट्यांमुळे ही वने एकमेकांपासून तुटलेली असली, तरी तेथील पक्षी जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकाच समूहातले निघाले. या मजकुरावर बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. ती पत्रांच्या लांबीप्रमाणे नव्हे, तर विषयाच्या गरजेप्रमाणे लहानमोठी झाली आहेत.

प्रश्न : जो पक्षी एका दिवसात एका डोंगररांगेवरून दुसरीवर सहज जाऊ शकतो, त्याची जनुके सगळीकडे पसरणारच. मग त्यासाठी प्रयोगशाळा कशाला हवी? (नाशिक)

उत्तर : पक्षी पोहोचणे आणि त्याची जनुके पोहोचणे या दोन वेगळ्या घटना आहेत. गोशॉक एका वनातून दुसऱ्या वनात गेला, तिथे हिवाळा काढला आणि वसंतात परत फिरला, तर त्या दुसऱ्या वनातील पुढच्या पिढीत त्याचा काहीही वाटा राहत नाही. पाहुणा येऊन जेवून गेला म्हणजे सोयरीक जुळली असे होत नाही. जनुकप्रवाह तेव्हाच घडतो, जेव्हा परका पक्षी तिथे हद्द मिळवतो, जोडीदार मिळवतो, पिल्ले वाढवतो आणि ती पिल्लेही पुढे प्रजननापर्यंत टिकतात.

गोशॉकच्या बाबतीत यातली प्रत्येक पायरी अवघड आहे. उंच, जुनी झाडे आणि वर दाट छत असलेले अरण्य त्याला घरट्यासाठी लागते, आणि अशी जागा बहुधा आधीच कुणीतरी धरून बसलेले असते. एकदा हद्द मिळालेली जोडी वर्षानुवर्षे त्याच परिसरात, पुष्कळदा आलटून पालटून त्याच दोन-तीन घरट्यांत वीण करते. प्रौढ पक्षी एका अर्थाने खुंट्याला बांधलेला असतो; दूर जातात ती मुख्यतः घरटे सोडलेली तरुण पिल्ले. ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेला कैबाब नावाचे अरण्यमय पठार आहे, त्याच्या भोवती खाली कोरडे झुडपी माळ पसरलेले आहेत. १९९१ पासून तिथे गोशॉकच्या पायात कडी घालून वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. तिथे जन्मलेली काही पिल्ले मोठी होऊन त्याच पठारावर स्थिरावलेली आढळली, तर काहींची कडी पठाराबाहेर फार दूर सापडली. पण दूर सापडलेली कडी बहुतेक वेळा मेलेल्या पक्ष्याच्या पायातली असते, ही गोष्ट अशा नोंदी वाचताना नजरेआड करून चालत नाही.

यात आणखी एक पदर आहे. उत्तरेकडील अरण्यांत बर्फसशाची आणि रानकोंबड्यांसारख्या ग्राऊस पक्ष्यांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने वाढते आणि कोसळते. ती कोसळली की उपाशी गोशॉक मोठ्या संख्येने दक्षिणेकडे उतरतात. अशा हिवाळ्यात शेकडो परके पक्षी एखाद्या प्रदेशात दिसतात, परंतु त्यांतले किती तिथे राहून घरटे करतात हे दुर्बिणीला सांगता येत नाही. उपग्रहाचा ट्रान्समीटर पक्ष्याचा प्रवास दाखवतो. त्या प्रवासाचे वंशात काय झाले हे सांगण्यासाठी डीएनएच तपासावा लागतो.

प्रश्न : लेखात ‘एफएसटी ०.०११’ असा आकडा दिला होता. तो समजला नाही. त्याच ओळीत मायटोकॉन्ड्रियासाठी ०.१२६ हा दुसराच आकडा का? (पुणे)

उत्तर : हा आकडा शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो. सर्व वनांतील पक्ष्यांमध्ये मिळून जेवढी जनुकीय विविधता आहे, तिच्यातील किती हिस्सा ‘या वनातले’ आणि ‘त्या वनातले’ या भेदामुळे आहे, हे तो सांगतो. शून्य म्हणजे वनांमध्ये काहीच भेद नाही, आणि एक म्हणजे दोन वनांत एकही सामायिक जनुकरूप, म्हणजे एकाच जनुकाचे वेगळे रूप, उरलेले नाही. युटातील अभ्यासकांनी पेशीच्या केंद्रकातील डीएनएमधली आठ ठिकाणे तपासली. मायक्रोसॅटेलाइट नावाच्या या जागी डीएनएचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि किती वेळा येतो ते पक्ष्यापक्ष्यात बदलते. त्यावरून निघालेला ०.०११ हा आकडा शून्यापासून सांख्यिकीयदृष्ट्या वेगळा धरता येत नाही, म्हणजे वनावनांतला फरक शोधूनही सापडला नाही.

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी या आकड्याचा स्थलांतराशी संबंध जोडणारे एक सूत्र दिले. पिढीमागे बाहेरून येऊन वीण करणाऱ्या पक्ष्यांची संख्या घ्यावी, तिला चाराने गुणावे, त्यात एक मिळवावा आणि त्या बेरजेने एकाला भागावे. पिढीमागे एकच पक्षी येत असेल तर उत्तर ०.२ येते. उलट दिशेने ०.०११ वरून गणित केले तर पिढीमागे बावीस-तेवीस पक्षी येतात. आमच्या एका वाचकाने हे गणित स्वतः करून पाठवले आहे आणि ते बिनचूक आहे. मात्र ‘बावीस’ या संख्येवर विसंबू नये असे आम्ही सुचवतो. सूत्रात असे गृहीत धरले आहे की सगळी वने सारख्या आकाराची आहेत, कोणत्याही वनातून कोणत्याही वनात जाणे सारखेच सोपे आहे, आणि हे सारे शेकडो पिढ्या न बदलता चालू आहे. खऱ्या डोंगरांत यातले एकही खरे नसते. शिवाय आकडा शून्याजवळ आला की त्यातील किरकोळ चूकही पक्ष्यांच्या संख्येत प्रचंड होऊन बाहेर पडते. ‘ये-जा भरपूर आहे’ एवढाच निष्कर्ष त्यातून घ्यावा.

आता ०.१२६. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतले ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म घटक. त्यांतील डीएनए पिल्लाला केवळ आईकडून मिळतो. नर-मादीच्या एका जोडीत केंद्रकातील प्रत्येक जनुकाच्या चार प्रती असतात, तर मायटोकॉन्ड्रियाची पुढे जाऊ शकणारी प्रत एकच, आईची. प्रती कमी असल्या की पिढ्यापिढ्यांतून निव्वळ योगायोगाने होणारे चढउतार, ज्यांना जनुकीय विचलन म्हणतात, ते अधिक वेगाने होतात आणि समूह लवकर वेगळे दिसू लागतात. म्हणून तेवढीच ये-जा असतानाही हा दुसरा आकडा मोठाच निघणार. त्यावरून ‘माद्या घर सोडत नाहीत, नरच फिरतात’ असा अर्थ काही जण घाईने काढतात. पक्ष्यांत सामान्यतः उलटे असते. जन्मस्थानापासून मादी नरापेक्षा दूर जाते. युटातही एकूण ०.१२६ हा आकडा शून्यापासून सांख्यिकीयदृष्ट्या वेगळा ठरला नाही. फरक मिळाला तो एकाच जोडीत, ईशान्येकडील ॲशली आणि नैर्ऋत्येकडील डिक्सी या दोन वनांमध्ये. दक्षिण युटात दक्षिणेकडील दुसऱ्या उपप्रजातीची सरमिसळ झाली असेल, किंवा पश्चिमेच्या पर्वतरांगांवरून जाताना जनुकरूपांचे प्रमाण हळूहळू बदलत जात असेल, असे खुलासे अभ्यासकांनी पुढे ठेवले. आम्हाला त्यांतला दुसरा अधिक पटतो, कारण त्याला कोणतीही सीमारेषा गृहीत धरावी लागत नाही.

प्रश्न : इतक्या बुजऱ्या आणि आक्रमक पक्ष्याचे रक्त मिळवतात कसे? पडलेल्या पिसातून खरोखर डीएनए मिळतो का? (कोल्हापूर)

उत्तर : मिळतो. रक्त घेण्याची रीत अशी की घरट्यातील पिल्लू उडण्याच्या वयाचे होण्यापूर्वी झाडावर चढून त्याला खाली आणतात, पंखाच्या आतल्या बाजूच्या शिरेतून काही थेंब घेतात, पायात कडे घालतात आणि परत घरट्यात ठेवतात. एका घरट्यातली सगळी पिल्ले सख्खी भावंडे असल्यामुळे समूहाच्या हिशेबासाठी घरट्यामागे एकच पिल्लू धरले जाते. भावंडे मोजली तर प्रत्येक वन उगीचच वेगळे दिसू लागते.

झडलेले पीस हा दुसरा मार्ग. गोशॉकची मादी अंडी उबवत असतानाच पिसे टाकू लागते, नर उशिरा टाकतो. त्यामुळे घरट्याखाली आणि शिकार सोलण्याच्या ओंडक्याभोवती सापडणारी मोठी पिसे बहुतांशी मादीची असतात. अशा पिसाचा खालचा पोकळ देठ जिथे संपतो आणि तंतू फुटणारा कणा जिथे सुरू होतो, तिथे एक बारीक छिद्र असते. पीस वाढत असताना त्याला रक्त पुरवणारी वाहिनी या जागेतून गेलेली असते. पीस पुरे वाढले की ती आटते, पण रक्ताचा एक वाळका कण तिथे अडकून राहतो. पूर्वी देठाचे केवळ टोक कापून घेत असत. या मधल्या कणात त्याहून अधिक आणि अधिक चांगल्या स्थितीतला डीएनए असतो, हे २००५ च्या सुमारास दाखवले गेले. कैबाबवरच्या गोशॉकच्या पिसांतून अधिक डीएनए कसा काढावा याची सुधारित पद्धत २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. घरटे तेच, पण मादी मात्र गेल्या वर्षीची आहे की नवी आली, हे त्यामुळे तिला न पकडता पिसावरून ठरवता येते.

पीस उन्हापावसात पडून राहिले की डीएनएचे तुकडे होतात आणि तपासणीत दोनपैकी एक जनुकरूप वाचायचे राहून जाते. मग पक्ष्याला आईकडून आणि वडिलांकडून सारखेच रूप मिळाले आहे असा भास होतो, आणि अंतःप्रजनन नसतानाही ते आहे असे वाटू लागते. यावर उपाय एकच : तेच पीस पुन्हा पुन्हा तपासणे. एकाच मादीची दहा पिसे दहा पक्ष्यांच्या नावावर चढणार नाहीत हेही पाहावे लागते. कझाकस्तानातील गरुडांच्या थाऱ्यांवर झडलेली पिसे गोळा करून तपासली, तेव्हा डोळ्यांनी मोजलेल्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक गरुड तिथे येऊन जात असल्याचे निघाले. तेव्हा ही पद्धत पकडण्याला नुसता पर्याय नाही, काही बाबतीत ती पकडण्यापेक्षा सरस आहे.

प्रश्न : वने तुटली तरी पक्ष्यांमध्ये फरक पडला नाही, असे तुम्ही छापलेत. मग जंगलतोडीने काही बिघडत नाही असे उद्या कुणी म्हणाले तर? (डोंबिवली)

उत्तर : हा आक्षेप रास्त आहे. युटातील वनांचे तुटलेपण मुळात नैसर्गिक आहे. डोंगरमाथ्यावर अरण्य आणि दरीत कोरडा माळ ही तिथली जुनीच मांडणी आहे, आणि तेथील गोशॉक त्या मांडणीसह वाढले आहेत. करवतीने पाडलेल्या खिंडाराबद्दल त्या अभ्यासावरून काही सांगता येत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे जनुके फार उशिरा बोलतात. समजा, एका अरण्याचे आज दोन तुकडे झाले आणि त्यांच्यातली ये-जा पूर्ण थांबली. प्रत्येक तुकड्यात प्रत्यक्ष वीण करणारे ५०० पक्षी उरले असतील, तर दर पिढीला विविधतेचा एक हजारावा भाग गळतो, आणि दहा पिढ्यांनंतर गळती एक टक्क्यावर येते. गोशॉक साधारण दोन-तीन वर्षांचा झाल्यावर वीण करू लागतो आणि पुढे अनेक वर्षे करत राहतो. म्हणजे दहा पिढ्या हा अर्ध्या शतकाचा किंवा त्याहून मोठा काळ झाला. एवढ्या काळानंतरचा एक टक्का आठ मायक्रोसॅटेलाइटांच्या चाळणीतून सहज निसटून जाईल. मात्र तुकड्यात केवळ २५ पक्षी उरले असतील, तर दर पिढीला दोन टक्के आणि दहा पिढ्यांत अठरा टक्क्यांच्या आसपास विविधता जाते. फरक दिसू लागतो तो बहुधा संख्या अशी घसरल्यावर, आणि तोवर उपायाची वेळ निघून जात असते. ‘जनुकीय फरक नाही’ हे विधान ‘धोका नाही’ या अर्थाने वापरणाऱ्याने एक तर हे गणित केलेले नसते, किंवा केलेले असूनही तो ते सांगत नसतो.

म्हणून जनुकीय अहवाल एकटा वाचू नये. त्यात मुख्यतः गेल्या शेकडो, कधी हजारो वर्षांचा हिशेब असतो. यंदा किती घरट्यांतून किती पिल्ले उडाली, हे झाडाखाली उभे राहूनच मोजावे लागते.

प्रश्न : युटातले गोशॉक एकमेकांत मिसळलेले आहेत, पण कॅनडाच्या एका बेटावरचे अगदी वेगळे आहेत, असे वाचनात आले. एकाच पक्ष्याबाबत दोन्ही खरे कसे? आणि तिथले पक्षी कमी झाले असतील तर मुख्य भूमीवरून आणून का सोडत नाहीत? (पणजी)

उत्तर : आपण हायडा ग्वाईबद्दल विचारत आहात. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यापासून हा द्वीपसमूह हेकट सामुद्रधुनीने तुटलेला आहे. तिची रुंदी उत्तरेला सुमारे ५० आणि दक्षिणेला सुमारे १४० किलोमीटर भरते. इथल्या गडद रंगाच्या गोशॉकचे ‘लेंगी’ या उपप्रजातीच्या नावाने वर्णन १९४० मध्ये झाले, आणि ज्या नमुन्यावरून ते झाले तो याच बेटांवरचा होता. पुढे व्हँकुव्हर बेट, ब्रिटिश कोलंबियाचा किनारा आणि आग्नेय अलास्का येथील गोशॉकही त्याच नावाखाली घातले गेले. रंग आणि मापे यांच्या छटा एकमेकांत मिसळत असल्यामुळे ही उपप्रजाती नेमकी कुठे संपते यावर पुढे वाद होत राहिले. वादाला व्यावहारिक धार होती, कारण उपप्रजातीला कायद्याचे संरक्षण आहे आणि तिच्या अरण्यातले लाकूड मौल्यवान आहे.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा गुंता बराच सोडवला, आणि त्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. अभ्यासकांनी आधी उत्तम प्रतीचे मोजके नमुने घेऊन जनुकसंचातील हजारो ठिकाणी एकेका अक्षराचे फरक तपासले. त्यात हायडा ग्वाईचे पक्षी ठळकपणे बाजूला पडले. बाकी उत्तर अमेरिकेतील प्रदेशांमध्ये अगदी पुसट भेद दिसले. मग दोन समूहांना सर्वांत स्पष्टपणे वेगळी करणारी दहा ठिकाणे त्यांनी निवडली आणि एरवी टाकून द्यावे लागले असते असे शेकडो हलक्या प्रतीचे नमुने केवळ त्या दहा ठिकाणी तपासले. हा वेगळा समूह हायडा ग्वाईपुरताच मर्यादित असल्याचे त्यातून पक्के झाले. ज्या किनाऱ्यावरचे पक्षी आजवर ‘लेंगी’ म्हणवले जात होते, ते बेटावरच्या पक्ष्यांपेक्षा मुख्य भूमीवरच्या पक्ष्यांच्या अधिक जवळचे निघाले.

विरोधाभास त्यामुळे उरत नाही. युटातला माळ गोशॉक ओलांडतो, कारण वाटेत झाडांची रांग असते, बसायला फांदी असते, खायला ससा मिळतो. उघड्या समुद्रावर यातले काहीच नसते. पण केवळ अंतराने सगळे उलगडत नाही, हे त्याच बेटांवरच्या एका लहान घुबडावरून कळते. सॉ-व्हेट नावाच्या या घुबडाची बेटावरची उपप्रजाती गडद रंगाची आणि बारमाही रहिवासी आहे, तर मुख्य भूमीवरची स्थलांतर करते आणि त्या काळात बेटांवर येऊनही जाते. तरीही दोघांची जनुके वेगळीच राहिली आहेत. पाण्यापलीकडे पोहोचल्यावरही विणीचा काळ, रहिवाशांनी आधीच व्यापलेल्या हद्दी आणि कदाचित जोडीदाराची निवड हे अडसर शिल्लक असतात.

आता बाहेरून पक्षी आणण्याविषयी. हायडा ग्वाईवर आता पन्नासच्या आसपासच गोशॉक उरले असावेत असा अंदाज आहे, म्हणजे वरच्या उत्तरातील २५ पक्ष्यांचे गणित तिथे काल्पनिक राहिलेले नाही. बाहेरचे रक्त मिसळले तर अंतःप्रजननाचा धोका कमी होईल. पण ज्या वेगळेपणासाठी हा समूह जपायचा, तेच त्या मिश्रणात विरून जाण्याची शक्यता आहे. ब्रिटनमध्ये ही अडचण आली नाही. तेथील गोशॉक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीण करणारा पक्षी म्हणून नाहीसा झाला होता, आणि १९६० व १९७० च्या दशकांत बाज पाळणाऱ्यांनी युरोपातून आणलेल्या, सुटलेल्या आणि सोडलेल्या पक्ष्यांपासून आजचे पक्षी वाढले. जपायला मूळचे काही उरलेच नव्हते. हायडा ग्वाईवर ते अजून आहे, आणि तेथील घसरणीची कारणे जनुकांत शोधण्याआधी अरण्यात शोधणे आम्हाला योग्य वाटते. तिथे जुने वृक्ष तोडले गेले आणि बाहेरून आणून सोडलेल्या हरणांनी जमिनीलगतची झाडी खाऊन टाकली, त्यामुळे ज्या ग्राऊस पक्ष्यांवर गोशॉक जगतो त्यांचा आसरा गेला. भक्ष्य नसलेल्या रानात नवे पक्षी सोडले तर तेही उपाशीच मरतील. हायडा लोकांनी २०१७ मध्ये या गोशॉकला आपला राष्ट्रीय पक्षी घोषित केले.

प्रश्न : जनुकप्रवाह जितका जास्त तितका चांगला, असे समजावे का? (नागपूर)

उत्तर : समजू नये. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील जुन्या अरण्यांत राहणारे स्पॉटेड आऊल हे घुबड त्याचे उदाहरण आहे. त्याच्या उत्तरेकडील उपप्रजातीला १९९० मध्ये संकटग्रस्त म्हणून कायदेशीर संरक्षण मिळाले, आणि पुढे तिच्या डीएनएमध्ये अलीकडच्या काळात संख्या एकदम आकसल्याच्या खुणाही सापडल्या. दरम्यान, मुळात खंडाच्या पूर्व भागातले बार्ड आऊल हे दांडगे घुबड विसाव्या शतकात पश्चिमेकडे पसरत तिच्या अरण्यात येऊन ठेपले. दोघांचा संकर होतो आणि संकरित पिल्ले प्रजननक्षमही असतात. इथली जनुकांची ये-जा दुबळ्या बाजूच्या वंशाला पोखरणारी आहे. मात्र संकर क्वचित घडतो. खरा मार बसतो तो हद्द आणि भक्ष्य हिसकावले जाण्याचा. २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने तीस वर्षांत सुमारे साडेचार लाखांपर्यंत बार्ड आऊल मारण्याचे धोरण जाहीर केले, आणि त्यावरून तिथे तीव्र मतभेद आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या पुस्तकात ‘नॉर्दर्न गोशॉक’ आहे, नव्या यादीत ‘अमेरिकन गोशॉक’. हे दोन पक्षी आहेत का? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : अमेरिकेत दिसणारा पक्षी तोच आहे. अमेरिकन पक्षिशास्त्र संस्थेने २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील आणि युरोप-आशियातील गोशॉक या दोन स्वतंत्र प्रजाती मानल्या. हिमालयात दिसणारा, आपल्याकडे बाज म्हणून ओळखला जाणारा गोशॉक दुसऱ्या प्रजातीत गेला. पुढच्या वर्षी दोघांनाही ‘ॲसिपिटर’मधून काढून ‘ॲस्टुर’ या वेगळ्या कुळनामाखाली (शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाखाली) ठेवण्यात आले.

प्रश्न : आमच्या सातपुड्यातील रानपिंगळ्याचा असा अभ्यास झाला आहे का? आम्हाला पिसे सापडली तर पाठवावीत का? (धुळे)

उत्तर : रानपिंगळ्याच्या डीएनएवरचा महत्त्वाचा भारतीय अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याचा प्रश्न वेगळा होता. या घुबडाला स्वतंत्र कुळनाम द्यावे की साध्या पिंगळ्याच्या कुळात ठेवावे हा शंभर वर्षांचा वाद होता, आणि रानपिंगळा पिंगळ्यांच्याच शाखेत बसतो असे त्यातून निघाले. मेळघाट, तोरणमाळ, यावल आणि मुंबईजवळचे तानसा येथील रानपिंगळे परस्परांशी किती जोडलेले आहेत, हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो सोडवताना गोशॉकचे अनुभव जसेच्या तसे लावता येणार नाहीत. रानपिंगळा जेमतेम २३ सेंटिमीटरचा, दिवसा वावरणारा आणि आपला परिसर न सोडणारा पक्षी आहे. उत्तरेतल्या उपाशी गोशॉकप्रमाणे तो दूरवर उतरत नाही. सातपुड्याच्या रांगेत सलग साग-अरण्य असेल तिथवर त्याची पिल्ले टप्प्याटप्प्याने सरकू शकतील, पण सातपुडा आणि तानसा यांच्यामध्ये शेती, रस्ते आणि वस्ती आहे. त्यामुळे फरक सापडण्याची शक्यता इथे युटापेक्षा पुष्कळ अधिक आहे, असे आमचे अनुमान आहे.

अशा कामात संग्रहालयातील जुनी कातडी फार उपयोगी पडतात. पक्ष्याच्या तळपायाच्या गादीचा लहानसा तुकडा घेऊन शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा डीएनए वाचता येतो. पण त्यासाठी चिठ्ठीवरचे गाव खरे असावे लागते. रानपिंगळ्याचे मोजकेच जुने नमुने आहेत, आणि त्यांतला १९१४ सालचा, गुजरातेतला म्हणून नोंदलेला नमुना बनावट ठरला. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेला पक्षी रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने संग्रहालयातून चोरून, त्याला खोटी चिठ्ठी लावून आपल्या नावे घातला होता. ही लबाडी लक्षात आल्यावर अभ्यासकांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा शोधल्या आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा सापडला. ती खोटी चिठ्ठी खरी मानून जनुकीय नकाशा काढला असता, तर खानदेशचा पक्षी गुजरातेत मोजला गेला असता.

पिसांबाबत विनंती अशी की ती उचलून घरी ठेवू नयेत किंवा टपालाने पाठवू नयेत. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अशा पक्ष्याचे पीसही परवानगीशिवाय बाळगता येत नाही. पीस जिथे पडले असेल तिथेच त्याचे छायाचित्र घ्यावे, तारीख आणि जागा टिपून ठेवावी आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे. परवानगी असलेले संशोधक ते कोरड्या कागदी पाकिटात घेतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, कारण पिशवीत ओल धरते आणि देठातला तो वाळका कण बुरशीने खराब होतो.